पाचव्या मुद्द्याला कलम नव्हतं

कुलूपकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. बहुधा कचेरीतल्याच कुणीतरी ठेवलं असावं आणि मग ते शहरभर झालं. लिफ्ट सुरक्षा मंडळात ते निरीक्षक होते. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लिफ्टी तपासायच्या, आणि जी लिफ्ट माणसं न्यायच्या लायकीची नसेल तिच्या दाराला कुलूप लावून वर शिशाचं सील दाबायचं. त्यांची बायको म्हणे, "गावभर कुलपं लावत फिरतात आणि घराची किल्ली मात्र रोज विसरतात." ते खोटं नव्हतं.

लोकांना वाटे, लिफ्टचा साहेब म्हणजे दिवसभर लिफ्टमधून वरखाली करत असेल. प्रत्यक्षात कुलूपकाकांचं आयुष्य जिन्यांवर गेलं. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं. तपासणीच्या वेळी लिफ्ट बंद ठेवावी लागते, म्हणजे चढा जिना. खालचा खड्डा पाहायचा, म्हणजे उतरा जिना. त्यांचे गुडघे चाळिशीतच कुरकुरायला लागले होते. खांद्यावरच्या खाकी पिशवीत बॅटरी, छोटा आरसा, जाडी मोजायचं माप, दोन कुलपं, शिशाच्या गोळ्या, सीलचा चिमटा आणि जुन्या सुती धोतराचा एक फडका असे. फडका घाम पुसायला नव्हता. लिफ्टच्या पोलादी दोराभोवती तो सैल धरायचा आणि लिफ्ट अगदी हळू चालवायची. दोराची एखादी बारीक तार तुटलेली असली तर ती सुतात अडकते. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला कळतं. फडका अडकला की कुलूपकाका एकदाच "हं" म्हणत. त्या "हं"ला शहरातले इमारतींचे मालक घाबरून असत.

आणखी एक सवय होती, तिच्यावरून कचेरीत त्यांची यथेच्छ थट्टा चाले. कुलूप लावण्याआधी ते लिफ्टच्या दाराशी सरळ उभे राहत, पिशवीतून आपलं नेमणुकीचं पत्र काढत आणि मोठ्याने वाचत. अमुक सालचा लिफ्ट सुरक्षा कायदा, त्याचं अमुक कलम, त्याखाली केलेला अमुक नियम, त्या नियमानुसार मी ही लिफ्ट बंद करत आहे. समोर मालक असो, पहारेकरी असो की कुणीच नसो, वाचन चुकायचं नाही. एका सहकाऱ्याने विचारलं होतं, "काका, लिफ्टला ऐकू येतं का हो?"

ही सवय त्यांना त्यांच्या पहिल्या वरिष्ठांनी लावली होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना एका बंद लिफ्टसमोर उभं केलं आणि विचारलं, "कुणाच्या नावाने कुलूप लावतोस?"

तेव्हाचे तरुण कुलूपकाका म्हणाले, "मंडळाच्या."

"मंडळ कोण? तुझा मामा?"

"नाही साहेब."

"मग वाच. कायदा कुणी केला ते वाच, नियम कुठला ते वाच, तुला कुणी नेमलं ते वाच. दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावणं साधी गोष्ट नाही. चोरही लावतो. वाचता आलं तर लाव. वाचता आलं नाही तर किल्ली खिशात ठेव आणि घरी जा."

साहेब निवृत्त झाले, पुढे वारलेही. वाचन चालू राहिलं.

घरी दर रविवारी दुपारी जेवायला बायकोचा धाकटा भाऊ येई. तो नगरसेवक होता. माणूस दिलदार, पण निवडून आल्यापासून आवाज एका पट्टीने वर गेलेला. ताटावर बसला की त्याचा ठरलेला विषय निघे.

"भावजी, मला चार हजार दोनशे मतं पडली, तेव्हा कुठे मला गटारावर झाकण बसवायचा अधिकार मिळाला. तुम्हाला एक मत नाही, आणि तुम्ही आख्खी इमारत बंद पाडता!"

"मी दिलंय की यांना एक मत," बायको म्हणे.

"ताई, तुझं मत धरता येत नाही. तिथे उमेदवार एकच होता."

"आणि अनामत मी अजून परत मागितलेली नाही," असं म्हणून ती त्याच्या ताटात आणखी भात वाढे. कुलूपकाका खाली मान घालून हसत. त्यांना हजरजबाबीपणा कधी जमलाच नाही, दोन दिवसांनी जिना चढताना जबाब सुचायचा. या प्रश्नाचा तर अजून सुचला नव्हता.

मग ती आठ मजली इमारत आली.

खाली दुकानं, वर कचेऱ्या आणि सहाव्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना. या सगळ्यांना मिळून लिफ्ट एकच. ती चालवायला पन्नाशीचा एक लिफ्टमन होता, काटकुळा, कमी बोलणारा, उंच स्टुलावर एक पाय दुमडून बसणारा. कुलूपकाका त्या सकाळी गच्चीवर गेले. पाच दोरांपैकी दोनांवर फडका अडकला. ब्रेकचं अस्तर झिजून धातूला धातू लागत होता. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं असतानाही लिफ्ट हलत होती, कारण दाराची कडी लागल्याशिवाय लिफ्ट हलू न देणारी कळ कुणीतरी वायरचा तुकडा जोडून गप्प केली होती. खाली खड्ड्यात घोट्याइतकं पाणी साचलं होतं आणि लिफ्ट आदळलीच तर तिला झेलणाऱ्या स्प्रिंगा त्यात गंजून बसल्या होत्या. झाले चार मुद्दे. ते आदेश लिहायला बसले, तेव्हा शेजारी उभा असलेला लिफ्टमन आपणहून बोलला. त्याने आपणहून बोलणं हेच मोठं होतं.

"साहेब, गेल्या मंगळवारी वीज गेली. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकलो. बरोबर एक आजीबाई होत्या, नुकतंच ऑपरेशन झालेल्या. एका डोळ्यावर पट्टी. आत काळोख, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा. तर त्या ओरडायला लागल्या, माझा दुसराही डोळा गेला, माझा दुसराही गेला. मी सांगतोय आजी, वीज गेलीय, मलाही दिसत नाहीये. त्यांना पटेना. चाळीस मिनिटं मी त्यांचा हात धरून उभा होतो."

कुलूपकाकांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी पाचवा मुद्दा लिहिला: वीज गेल्यावर आपोआप लागेल असा बॅटरीवरचा दिवा लिफ्टच्या आत बसवावा, तोवर लिफ्ट चालू करू नये.

दाराशी उभं राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिला मुद्दा, कलम, नियम. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यापाशी आले आणि त्यांना खोकला आला. खोकला संपल्यावर त्यांनी कागदाची घडी केली, कुलूप लावलं, सील दाबलं आणि निघाले. दोन गल्ल्या चालून गेल्यावर ते स्वतःशीच "हं" म्हणाले. नियमांत धोक्याच्या घंटेबद्दल होतं, दिव्याबद्दल कुठेही नव्हतं. हे त्यांना लिहितानाही माहीत होतं.

इमारतीचा मालक दुरुस्ती करील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याने वकील केला. आणि वकील असा, की त्याला दोर आणि ब्रेक यांत काडीचा रस नव्हता. त्याने थेट उच्च न्यायालयात अर्ज टाकला: राज्यघटनेत विधिमंडळ आहे, मंत्रिमंडळ आहे, न्यायालय आहे. लिफ्ट सुरक्षा मंडळ कुठे आहे? जनतेने न निवडलेली ही चार माणसं स्वतःच नियम करतात, स्वतःच तपासतात आणि स्वतःच शिक्षा देतात. अशा मंडळाला मुळात घटनेचा आधारच नाही, म्हणून त्याचा प्रत्येक आदेश रद्द समजावा.

प्रत्येक आदेश. या दोन शब्दांनी कचेरीच्या तोंडचं पाणी पळालं. औषधं तपासणाऱ्यांच्या, पाणी तपासणाऱ्यांच्या कचेऱ्यांतूनही विचारणा सुरू झाली. एक निकाल, आणि सगळ्यांचाच बाजार उठणार. सहकारी अर्धं गंमतीत म्हणत, "काका, सत्तावीस वर्षं एवढी कुलपं लावलीत, शेवटचं आपल्याच दाराला लागणार बहुतेक."

कुलूपकाका हसले नाहीत. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. आजवर त्यांनी चारशे अकरा लिफ्टी बंद केल्या होत्या. त्या चारशे अकरा दारांशी आपण कुणीतरी म्हणून उभे होतो, की नुसतेच पिशवी अडकवलेला एक माणूस होतो, ते आता ठरणार होतं. चोरही कुलूप लावतो, हे साहेबांचं बोलणं त्यांना दिवसातून दहादा आठवायचं.

न्यायालयाने निकाल लागेपर्यंत लिफ्ट बंदच ठेवायला सांगितलं होतं. एका संध्याकाळी ते सील शाबूत आहे का पाहायला गेले, तर जिन्याच्या तोंडाशी लिफ्टमन आणि एक जाडजूड आजोबा. आजोबांना सहाव्या मजल्यावर जायचं होतं आणि गुडघे नाही म्हणत होते. लिफ्टमनने खुर्ची आणली होती, पण दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. कुलूपकाकांनी पिशवी पाठीवर टाकली आणि धरलं. पहिल्या मजल्यापासून आजोबांची तोफ सुरू झाली.

"कोण तो कुलूपवाला आहे म्हणे. मेल्याला एकदा या जिन्यावरून चढवला पाहिजे!"

"हो ना," कुलूपकाका धापा टाकत म्हणाले.

"त्याच्या बापाचं काय जातं?"

"काही नाही."

"तुम्ही भले माणूस दिसता. काय करता?"

"सरकारी नोकरी," कुलूपकाका म्हणाले. खुर्चीच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टमनने मान फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

त्या आठवड्यात त्यांनी कचेरीच्या कपाटातून राज्यघटनेची प्रत घरी आणली. जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून ते पहिल्या पानापासून वाचत बसले. लिफ्ट कुठे नव्हती. निरीक्षक नव्हता. मंडळंही होती ती वेगळीच. कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळाचा, ते अमलात आणणं सरकारचं, तंटे सोडवणं न्यायालयाचं. एवढंच पुन्हा पुन्हा. रविवारी मेहुणा आला तेव्हा पुस्तक उघडंच होतं. त्याने या वेळी थट्टा केली नाही. बहिणीने दारातच दम दिला होता.

कुलूपकाकांनीच विचारलं, "तुझ्या त्या गटाराच्या झाकणाचं काय झालं?"

"बसलं की. मागच्याच महिन्यात."

"तू बसवलंस?"

"मी कशाला? मी ठराव मांडला, तो मंजूर झाला. झाकण अभियंत्याने बसवलं."

"किती जाडीचं?"

"ते मला काय माहीत? तो ठरवतो. ट्रक गेला तरी फुटू नये एवढं आम्ही ठरावात लिहिलं होतं."

"त्याला मतं किती पडली?"

मेहुण्याचा हात ताटातच राहिला. मग तो असा हसला, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ताई, यांना आवर! इतकी वर्षं गप्प बसून आज माझ्याच घरात शिरलेत!" हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "पण भावजी, एक आहे. त्याने झाकणाऐवजी मनाने दुसरंच काही बसवलं, तर मी सभेत त्याची हजेरी घेऊ शकतो. तुमची कोण घेतं?"

कुलूपकाका त्यावर चार दिवस विचार करत होते.

सरकारी वकील तरुण होता, हुशार होता, घाईत होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याने फाइल चाळत विचारलं, "आणखी काही?"

"पाचव्या मुद्द्याला कलम नाही," कुलूपकाका म्हणाले.

वकिलाने फाइल मिटली. "त्यांच्या लक्षात आलंय?"

"दिसत नाही. ते वरचं सगळं बोलतायत, दिव्यापर्यंत आलेलेच नाहीत."

"मग तुम्हीही येऊ नका. कुणी विचारणार नाही. अहो काका, ते म्हणतायत की तुम्ही मनाला येईल ते करता. आणि तुम्ही उभे राहून सांगणार, हो, एक मनाचं केलं? सगळं मंडळ घेऊन बुडाल."

सुनावणीच्या सकाळी बायको त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत होती आणि ते खुर्चीत बसून पिशवीचा बंद सोडत-बांधत होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "न्यायालयात काय करणार तुम्ही?"

"विचारलं तर बोलेन."

"तुम्ही आणि बोलणार! लग्न ठरवायला आलात तेव्हा पाणी हवं का विचारलं तर मामांकडे पाहिलंत. बोलूबिलू नका. दारापाशी उभं राहून वाचता ना, तसं वाचा. ते तुम्हाला येतं."

न्यायालयाची खोली उंच छताची होती आणि पंखे इतके वर, की वारा खाली पोहोचेपर्यंत दमून जात असावा. न्यायमूर्ती बाई साठीच्या होत्या. बारीक चणीच्या, पण चष्म्यावरून पाहण्याची धाटणी अशी, की भल्याभल्यांची वाक्यं आखूड होत. मालकाचा वकील तासभर बोलला आणि चांगलं बोलला. ज्याला आपण नेमलं नाही आणि काढूही शकत नाही, त्याच्या हाती आपल्या दाराची किल्ली का द्यायची, असं त्याने विचारलं. कुलूपकाकांना तो प्रश्न रास्त वाटला. सरकारी वकिलाने उत्तर दिलं: कायदा निवडून आलेल्या सभेनेच केला. मंडळाने काय पाहायचं आणि कुठवर पाहायचं हे त्यात लिहिलं. मंडळाचा प्रत्येक नियम सभेपुढे ठेवला जातो, सभा तो मोडू शकते. मंत्री उत्तराला बांधलेला आहे, आणि आदेश चुकला तर हे न्यायालय बसलेलंच आहे.

न्यायमूर्ती बाईंनी मान वळवली. "आदेश देणारा अधिकारी कुठे आहे?"

कुलूपकाका उभे राहिले. पिशवी खांद्यावरच राहिली होती.

"तुम्ही कुणाच्या अधिकाराने कुलूप लावता?"

त्यांनी पत्र काढलं. वाचायला लागल्यावर आवाज स्थिर झाला. कायदा, कलम, नियम, नेमणूक. हे सगळं त्यांनी चारशे अकरा वेळा वाचलं होतं.

"हे तुम्ही प्रत्येक वेळी वाचता?"

"हो मॅडम. वाचता आलं नाही तर लावू नये, असं आमचे साहेब सांगायचे."

"अर्जदार म्हणतात, तुमच्यावर लगाम कुणाचाच नाही."

कुलूपकाकांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग त्यांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं. "मॅडम, लिफ्टच्या वरच्या खोलीत एक चाक असतं, गव्हर्नर म्हणतात त्याला. लिफ्टचा वेग हद्दीबाहेर गेला की ते अडकतं आणि लिफ्ट जागच्या जागी धरली जाते. प्रवाशांनी ते निवडलेलं नसतं. त्यांना ते माहीतही नसतं. पण ते मोकळं नाही. एका वेगळ्या दोराने ते लिफ्टलाच बांधलेलं असतं, म्हणून त्याला वेग कळतो. आणि किती वेगाला अडकायचं ते चाक ठरवत नाही. तो आकडा आधी ठरवून त्यावर सील असतं. मलाही ते सील तोडायची परवानगी नाही. आम्ही माणसं तसलीच. आकडा आमचा नाही."

कुणीतरी मागे खुर्ची सरकवली. न्यायमूर्ती बाई काही लिहीत होत्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "आता आदेश वाचा. दाराशी वाचता तसा."

त्यांनी वाचला. पहिला मुद्दा, दोर, कलम. दुसरा, ब्रेक. तिसरा, दाराची कळ. चौथा, खड्डा. मग कागदावर दिवा आला. घशात तोच खोकला आला. सरकारी वकील फाइलीतल्या एका कोऱ्या पानाकडे फार लक्षपूर्वक पाहत होता. कुलूपकाकांनी खोकला गिळला.

"पाचवा मुद्दा, बॅटरीचा दिवा. याला कलम नाही मॅडम."

"म्हणजे?"

"नियमांत तो नाही. मी मनाने लिहिला. सील मीच तोडलं म्हणायचं. लिहायला नको होता."

मालकाचा वकील स्प्रिंगसारखा उभा राहिला. "यालाच, यालाच आम्ही मनमानी म्हणतो!"

"बसा," न्यायमूर्ती बाई म्हणाल्या. "का लिहिलात?"

त्यांनी आजीबाईंची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत सांगितली. त्यांना तेवढीच जमली. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"दिवा हवा असं तुम्हाला अजून वाटतं?"

"हो मॅडम. पण मला वाटणं म्हणजे नियम नाही."

तीन आठवडे निकाल आला नाही. कचेरीत त्यांच्याशी लोक हळू आवाजात बोलू लागले, आजारी माणसाशी बोलावं तसं. सरकारी वकील जिन्यात भेटला तेव्हा नुसता हात वर करून गेला. कुलूपकाका रोजच्यासारखे जिने चढत होते. दोन लिफ्टी तपासल्या, दोन्ही चांगल्या निघाल्या. कुलूप लावायची वेळ आली नाही याचं त्यांना बरं वाटलं.

निकाल वाचला गेला तेव्हा ते मागच्या बाकावर बसले होते. बराचसा भाग त्यांना समजला नाही. जो समजला तो असा: मंडळाचं नाव घटनेत नाही हे खरं. घटनेत पुलांची आणि दिव्याच्या खांबांचीही नावं नाहीत. घटना एवढंच पाहते, की कायदा निवडलेल्या सभेने केला का, काम सोपवताना हद्द आखून दिली का, आणि हद्द ओलांडली तर विचारणारा कुणी आहे का. मग बाईंनी पान उलटलं आणि जरा हळू वाचलं. "या हद्दीचा सगळ्यात चांगला पुरावा कुठल्या वकिलाने दिलेला नाही. कायद्याचा हुकूम कुठे संपला आणि स्वतःचा कुठे सुरू झाला, हे या अधिकाऱ्याने स्वतःचा तोटा होत असताना बोट ठेवून दाखवलं. ज्या सत्तेला आपली हद्द अशी दाखवता येते ती मनमानी नव्हे." मुद्दे एक ते चार कायम. अर्ज फेटाळला. मुद्दा पाचवा रद्द.

शेजारी बसलेला मेहुणा, सभेची बैठक टाकून आलेला, त्यांच्या कानाशी वाकला. "भावजी, चारास एक. बहुमताने निवडून आलात."

"पाचवा बरोबरच रद्द केला," कुलूपकाका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून ते पिशवीत काहीतरी शोधत राहिले. त्या क्षणी त्यांना आपले साहेब हवे होते. चारशे अकराच्या चारशे अकरा, साहेब. एकही चोराचं नव्हतं.

कचेरीत पोहोचले तेव्हा सगळे उभे राहिले. कुणी ठरवून केलं नव्हतं. कुलूपकाकांनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते बघायला. घरी बायको म्हणाली, "काय, बोललात म्हणे फार!" आणि निकालाची बातमी आलेलं वर्तमानपत्र तिने त्या आठवड्यात रद्दीत जाऊ दिलं नाही. ते कपड्यांच्या कपाटात, तिच्या चांगल्या साड्यांखाली गेलं.

महिन्याभरात मालकाने दोर बदलले, ब्रेकला नवं अस्तर घातलं, कळ पुन्हा जोडली, खड्डा कोरडा करून स्प्रिंगा बदलल्या. दिवा बसवला नाही. कायद्याने तो बांधील नव्हता. कुलूपकाका गच्चीवर गेले, फडका धरला. फडका पाचही दोरांवरून लोण्यावरून सरकावा तसा सरकला. लोखंडी वजनं भरून लिफ्ट तीनदा वरखाली केली. मग दाराशी येऊन त्यांनी पत्र काढलं आणि वाचलं, कारण कुलूप काढायलाही कलम लागतं. सील तोडलं.

लिफ्टमनने स्टूल आत ठेवलं. "चला साहेब, तुम्हीच पहिले. सहावा?"

ते आत गेले. दार लागलं, कळ टक्कन वाजली. लिफ्ट चालू झाल्यावर लिफ्टमन समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, "त्या दिवशी पाचव्याला तुम्ही खोकलात. मी तिथेच उभा होतो. मालकांचे वकील मला दोनदा विचारून गेले, साहेबांनी काय काय वाचलं म्हणून. मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं."

कुलूपकाकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्याच्या वर, कोपऱ्यातल्या स्क्रूला दोरीने एक हातातली बॅटरी लटकत होती. जुनी, पण काच पुसून लख्ख केलेली.

"हे काय?"

"माझी आहे. घरून आणली." मग किंचित घाबरून, "चालतं ना? की याला पण कलम लागतं?"

"तुला नाही लागत," कुलूपकाका म्हणाले. "तू कुणावर सक्ती केलेली नाहीस. मला लागतं."

सहाव्या मजल्यावर दार उघडलं. तिथे डोळ्यावर पट्टी बांधलेल्या एक बाई आणि त्यांची लेक वाट पाहत उभ्या होत्या. लिफ्टमनने स्टुलावरून उतरून बाईंना हात दिला. कुलूपकाका बाहेर पडून बाजूला झाले. लिफ्ट खाली जाईपर्यंत, आकडे सहावरून एकवर येईपर्यंत ते तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतून नवा नियम सुचवण्याचा छापील कागद मागून घेतला. सत्तावीस वर्षांत तो त्यांनी कधी भरला नव्हता. आपल्यासारख्याने काय सुचवायचं, असं त्यांना वाटत आलं होतं. वरच्या अधिकाऱ्याने बजावलं, "काका, मंडळ बघेल, मग मसुदा, मग लोकांच्या हरकती, मग सभेपुढे. दीड-दोन वर्षं कुठे गेली नाहीत. तोवर तुम्ही घरी बसलेले असाल."

"जाऊ देत ना. रस्ता तोच आहे," ते म्हणाले, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसून सावकाश, एकेक अक्षर जुळवत त्यांनी दिव्याचा नियम लिहून काढला. खाली सुचवणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. तिथे त्यांनी आधी लिफ्टमनचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरात, आपलं.